आठ वायरलेस माईक आणि विंगेपासून केबिनपर्यंतची एक वायर : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

मागच्या हंगामात दुसऱ्या अंकात नायिकेचं पद चालू असताना तिच्या कमरेच्या बॉडीपॅकची, म्हणजे माईकचा आवाज रेडिओने पाठवणाऱ्या डबीची, बॅटरी संपली. तो आवाज पकडणारे रिसीव्हर विंगेत होते आणि मी बाल्कनीतल्या साउंड केबिनमध्ये. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर बॅटरी उतरताना दिसत असणार, पण तिथे बघायला कोणी नव्हतं. ताईंनी पद थांबवलं नाही. पेटीच्या आधाराने, नुसत्या गळ्यावर पूर्ण केलं. मागच्या रांगांपर्यंत ते पोचत नाहीये हे मला वर बसून कळत होतं, आणि करता येण्यासारखं काही नव्हतं.

तो संच भाड्याचा होता. आता आमच्या नाटक मंडळीने आठ चॅनेलचा संच जुन्यात विकत घेतला आहे. शूर कंपनीचे क्यूएलएक्स-डी : आठ रिसीव्हर, आठ बॉडीपॅक, सोबत एसबी-९०० या चार्जिंगच्या बॅटऱ्या. प्रत्येक रिसीव्हरच्या पाठीमागे नेटवर्कचं एक पोर्ट आहे. ते लॅपटॉपपर्यंत नेलं की वायरलेस वर्कबेंच या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आठही माईकची रेडिओ पातळी, आवाजाची पातळी आणि बॅटरी एकाच स्क्रीनवर दिसते. या चार्जिंगच्या बॅटऱ्या असतील तर किती तास किती मिनिटं उरली हेही दिसतं. साधे डबल-ए सेल घातले तर नुसत्या दांड्या दिसतात.

५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचा प्रयोग आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत केलेल्या पहिल्या प्रयोगाची आठवण म्हणून हा दिवस, त्यामुळे आमच्या सांगली-मिरजेकडे तो घरच्या कार्यासारखा असतो. त्याआधी ही जोडणी उभी करायची आहे. आवाज पहिल्याच दिवशी आला. या नोंदी आवाजाच्या नाहीत, त्या मागच्या पोर्टच्या आहेत.

८ ऑक्टोबर

रॅक, म्हणजे रिसीव्हर बसवलेलं कपाट, घरच्या हॉलमध्ये मांडला. आठ रिसीव्हर म्हणून आठ पोर्टचा साधा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारी डबी, आणला होता, १,४०० रुपये. आठ वायरी लावल्या आणि लॅपटॉपची वायर हातात राहिली. मोजताना लॅपटॉप धरलाच नव्हता, आणि पुढे वाय-फाय राउटर लागणार तोही नाही. घरातला जुना पाच पोर्टचा स्विच शेजारी ठेवून दोन्ही एका वायरीने जोडले. हे तात्पुरतं म्हणून केलं, पण पुढे त्याचा त्रास झाला.

लॅपटॉपला नेटवर्कचं पोर्ट नाही. यूएसबीचा ॲडाप्टर ९५० रुपये.

वर्कबेंच उघडलं. आठपैकी पाच दिसले.

आधी वायरीवर संशय घेतला. या रिसीव्हरच्या पोर्टवर दोन दिवे असतात. हिरवा लागला की जोडणी आहे, लुकलुकला की माहिती जाते-येते आहे. पिवळा लागला की वेग शंभर मेगाबिटचा आहे. आठही ठिकाणी दोन्ही दिवे चालू होते, म्हणजे वायरी ठीक. मग एकेका रिसीव्हरच्या मेनूत जाऊन नेटवर्कचं पान पाहिलं. पाच जण ऑटोमॅटिकवर होते आणि त्यांनी स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते (नेटवर्कवर उपकरण ओळखायचे आकडे) घेतले होते, लॅपटॉपनेही तसाच घेतला होता. उरलेले तीन मॅन्युअलवर होते. आधीच्या मालकाकडचे १९२.१६८.१ चे पत्ते त्यांत तसेच राहिले होते.

लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.१० दिला. पाच गेले आणि तीन दिसायला हवे होते, पण दोनच दिसले. त्यातल्या एकाचं नाव दर थोड्या वेळाने बदलत होतं, आत्ता सहा नंबर तर मिनिटभराने आठ. पुन्हा मेनूत शिरले तेव्हा कळलं की सहा आणि आठ, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.५० होता. दोघं एकाच पत्त्यावर भांडत होते.

जुना संच घेणाऱ्यांनी पहिलं काम हे करावं : प्रत्येक रिसीव्हरचं नेटवर्कचं पान उघडून कागदावर लिहून काढावं. माझे अडीच तास गेले. लिहून काढायला दहा मिनिटं लागली असती.

सगळे ऑटोमॅटिकवर टाकले. आठपैकी आठ. रात्री साडेअकरा.

९ ऑक्टोबर

वाय-फाय राउटर आणला, १,८५० रुपये, म्हणजे पुढे विंगेत टॅबलेट घेऊन फिरता येईल. राउटर जोडून चालू केला आणि जमलेलं पुन्हा विस्कटलं. पाच रिसीव्हरांनी राउटरकडून नवीन पत्ते घेतले, तीन आपल्या १६९.२५४ वरच बसून राहिले. ते तीन बंद-चालू केले तेव्हा आले. उलट क्रमाने, आधी राउटर आणि दोन मिनिटांनी रॅक चालू केला, तर एकही अडचण नाही.

दौऱ्यावर हा क्रम कोण पाळणार? जनरेटर बदलताना वीज एकदा जाते, सगळं एकदम चालू होतं आणि राउटर सर्वांत उशिरा उठतो. म्हणून ऑटोमॅटिकचा नाद सोडला. आठही रिसीव्हरना कायमचे पत्ते दिले, १९२.१६८.१.११ पासून १८ पर्यंत, आणि लॅपटॉपला १००. हा पत्त्यांचा पट्टा निवडला तो सवयीने, विचार करून नाही. ती चूक दहा दिवसांनी कळली.

१२ ऑक्टोबर

दसरा. पेटी, तबला आणि रॅक यांची एकत्र पूजा झाली. काम एवढंच केलं की प्रत्येक रिसीव्हरच्या तोंडावर आणि वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर चिकटवले. पत्त्याचा शेवटचा आकडा आणि माईकचा नंबर जुळतो : एक नंबरला ११, दोनला १२. अंधारात डोकं चालवावं लागू नये म्हणून.

१५ ऑक्टोबर

तालमीच्या जागेत रॅक लावला. आमच्याबरोबर एक पोरगा असतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हात चांगला आहे. मी पोचायच्या आत त्याने सगळं जोडून ठेवलं होतं. दोन्ही स्विचवरचे सगळे दिवे एकसारखे, थरथरल्यासारखे लुकलुकत होते. वर्कबेंचमध्ये रिसीव्हर येत होते, जात होते, मग सगळेच गेले. लॅपटॉपही रांगायला लागला.

मी पाऊण तास लॅपटॉपचा फायरवॉल (बाहेरून येणारी माहिती अडवणारा पहारेकरी) आणि ड्रायव्हर बघत बसले. शेवटी चहा प्यायला उठले तेव्हा रॅकच्या मागे नजर गेली. दोन स्विचच्या मध्ये एक नाही, दोन वायरी होत्या. "ताई, एक सुटली तर दुसरी असावी म्हणून लावली," असं त्याने सांगितलं. विचार चुकीचा नव्हता, एक्सएलआरच्या, म्हणजे माईकच्या नेहमीच्या आवाजाच्या वायरींच्या, जगात आपण असंच करतो. पण साध्या स्विचला असा वळसा ओळखता येत नाही. एकदा आत शिरलेला निरोप त्या दोन वायरींतून गोल फिरत राहतो, वाढत जातो आणि खऱ्या माहितीला जागाच उरत नाही. एक वायर काढली, अर्ध्या मिनिटात आठही रिसीव्हर परत आले.

सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकत असतील तर सॉफ्टवेअर उघडू नका, वायरींचा रस्ता बोटाने फिरून बघा. त्या संध्याकाळीच ठरलं की एकच मोठा स्विच घ्यायचा.

१७ ऑक्टोबर

सकाळी सगळं चालू होतं. दुपारी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला तर यादी कोरी.

पिंग करून, म्हणजे प्रत्येक पत्त्यावर छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का ते, बघितलं. आठही पत्त्यांकडून उत्तर येत होतं. आज इथे मला पहिल्यांदा नीट समजलं की दुखणी दोन जातींची आहेत. पिंगला उत्तर नसेल तर वायर, स्विच किंवा पत्ता. पिंगला उत्तर आहे आणि वर्कबेंच कोरं आहे, तर रिसीव्हर आणि स्विचकडे बघण्याआधी लॅपटॉपकडे बघायचं.

लॅपटॉपमध्ये दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे वर्कबेंचच्या सेटिंगमध्ये कोणत्या नेटवर्क कार्डावर ऐकायचं ते निवडावं लागतं, आणि तिथे वाय-फाय निवडलेलं होतं. यूएसबीचा ॲडाप्टर दुसऱ्या पोर्टला लावला होता, त्यामुळे आधीची निवड लागू राहिली नव्हती. आता ॲडाप्टरचं पोर्ट ठरलेलं आहे, त्यावर लाल चिकटपट्टी आहे, आणि प्रयोगाला वाय-फाय बंद.

दुसरी गोष्ट विंडोजच्या फायरवॉलची. आमच्या नेटवर्कला इंटरनेट नाही आणि वायरीच्या कार्डावर गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जायचा पत्ता) दिलेला नाही. असं नेटवर्क विंडोजला ओळखता येत नाही आणि तो ते 'सार्वजनिक' धरतो. मी वर्कबेंच पहिल्यांदा चालवताना परवानगी फक्त 'खासगी' नेटवर्कला दिली होती. पिंग मी इथून पाठवते म्हणून त्याचं उत्तर आत येतं. रिसीव्हर स्वतःहून जी हाक मारतात ती मात्र दारातच अडते. फायरवॉलमध्ये वर्कबेंचसमोरच्या दोन्ही चौकोनांत टिक केली आणि यादी भरली. ज्यांच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप आहे आणि संगणक विभागाकडून परवानगी मागावी लागते त्यांच्यासाठी : यूडीपीचे ८४२७ आणि ५५६८ हे पोर्ट (वायरीचे नव्हेत, फायरवॉलमधल्या दारांचे नंबर) मोकळे हवेत.

१९ ऑक्टोबर

नाट्यगृहात तांत्रिक तालीम. विंगेच्या भिंतीवर नेटवर्कचा सॉकेट आहे आणि तसाच केबिनमध्येही. व्यवस्थापकांनी सांगितलं, वापरा. वायर ओढायचं काम वाचलं म्हणून बरं वाटलं.

रॅक त्या सॉकेटला, लॅपटॉप वरच्या सॉकेटला. तीन रिसीव्हर दिसले, मग दोन, मग चार. थोड्या वेळाने व्यवस्थापकांच्या खोलीतून निरोप आला की सीसीटीव्हीचे दोन कॅमेरे बंद पडलेत, तुम्ही काही केलंत का?

केलं होतं. ते सॉकेट सरळ एकमेकांना जोडलेले नव्हते. ते मधल्या खोलीतल्या स्विचला जात होते आणि तो स्विच कॅमेऱ्यांचा होता. कॅमेऱ्यांचे पत्तेही १९२.१६८.१ चेच, आणि दोन कॅमेरे नेमके १२ आणि १४ वर. रॅक काढला तसे त्यांचे कॅमेरे परत आले. मी जाऊन माफी मागितली.

दुसऱ्याच्या इमारतीतल्या भिंतीच्या सॉकेटमागे काय आहे हे स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यात काही खुपसायचं नाही. आणि १९२.१६८.१ हा पट्टा निम्म्या जगाचे राउटर आणि कॅमेरे वापरतात, तो आपण घ्यायचा नाही. तिथेच बसून आठही रिसीव्हर १०.२०.३०.११ ते १८ वर नेले, लॅपटॉप १०.२०.३०.१००, राउटर १०.२०.३०.१. बटणं दाबून पत्ते बदलायला चाळीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ कलाकार वाट बघत थांबले.

२० ऑक्टोबर

आता आपलीच वायर. साठ मीटर कॅट-६ ही नेटवर्कची वायर घेतली, ड्रमसकट ४,२०० रुपये, आणि टोकांना कनेक्टर घरीच दाबून बसवले, म्हणजे क्रिम्प केले. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले.

घरी तीन मीटरच्या वायरीवर जे सगळं चालत होतं ते या साठ मीटरवर अडखळत होतं. हिरवा दिवा लागे, विझे. पिंगमध्ये दहातले तीन-चार निरोप गळत. एकदा वाटलं अंतर जास्त झालं, पण तांब्याच्या वायरीला शंभर मीटरपर्यंत मुभा असते.

मिरजेत केबलचं काम करणाऱ्या एका काकांना टोक दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "रंग ओळीनं लावलायस की, पोरी. जोड्या फुटल्या." मी दोन्ही टोकांना रंग सारख्याच क्रमाने लावले होते, नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी अशी ओळीने. टेस्टर फक्त पिन एक ते पिन एक एवढंच बघतो, म्हणून तो खूश होता. पण तीन आणि सहा या पिनांवर एकाच पिळाच्या दोन तारा यायला हव्यात. माझ्याकडे त्या दोन वेगवेगळ्या पिळांतल्या होत्या, त्यामुळे पिळाचा जो फायदा असतो तोच गेला. तीन मीटरवर ते खपून गेलं, साठ मीटरवर नाही.

बरोबर क्रम असा : नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. निळी जोडी मध्ये आणि हिरवी तिच्या दोन्ही अंगांना. दोन्ही टोकं कापून पुन्हा केली. हजार पिंगमध्ये एकही गळला नाही. काकांनी पैसे घेतले नाहीत, मी त्यांना प्रयोगाच्या दोन प्रवेशिका दिल्या.

२४ ऑक्टोबर

सोळा पोर्टचा स्विच जुन्यात मिळाला, ३,८०० रुपये. ब्राउझरमधून सेटिंग बदलता येणारा, मॅनेज्ड म्हणतात तसा. दोन लहान स्विच गेले, रॅकमागचा गुंता निम्मा झाला. जोडलं, आठ रिसीव्हर दिसले, नावं बरोबर, बॅटऱ्या बरोबर. दोन-तीन मिनिटं बघितलं आणि झाकण लावलं.

इथे मी दहा मिनिटं थांबायला हवं होतं.

२६ ऑक्टोबर

आज बाहेरगावी प्रयोग होता. ही नोंद रात्री परतीच्या गाडीत लिहिते आहे.

तिसरी घंटा झाली तेव्हा आठही रिसीव्हर हिरवे. नांदी संपते न संपते तोच एकेक करून करडे पडायला लागले. आधी पाच, मग दोन, मग सगळे. लॅपटॉपवर एकाही माईकची बॅटरी दिसेना, पातळी दिसेना. मिक्सरवर मात्र सगळे आवाज व्यवस्थित येत होते.

हे वाक्य मी आता लिहू शकते. तेव्हा मला ते दिसलं नाही. समोर आठ करडे चौकोन होते आणि मागच्या हंगामातलं ते पद डोक्यात होतं. मी वर्कबेंच बंद करून चालू केलं, रिसीव्हर परत आले, चार-पाच मिनिटांनी पुन्हा गेले. दुसऱ्या अंकात तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी वॉकीवर पोराला सांगितलं, "तीन नंबर बंद करून चालू कर."

तीन नंबर अण्णांचा होता आणि अण्णा गात होते. रिसीव्हर उठून बॉडीपॅक पकडेपर्यंत त्यांचा आवाज स्पीकरमधून गेला. दहा-बारा सेकंद असतील. अण्णांनी तान तशीच पुढे नेली, पेटीवाल्या बुवांनी आवाज चढवला आणि प्रेक्षकांतल्या पुष्कळांना ते जाणवलंही नसेल. मला जाणवलं. ज्या गोष्टीसाठी ही सगळी धडपड चालली होती नेमकी तीच मी माझ्या हाताने केली.

प्रयोगानंतर अण्णांना सांगितलं की माईक ठीक होता, मी बंद करायला लावला. ते म्हणाले, "पुढच्या वेळी आधी कान लाव, मग डोळे."

अशी जोडणी करणाऱ्या प्रत्येकाने पक्कं ध्यानात ठेवावं : आमच्या जोडणीत आवाज रिसीव्हरच्या एक्सएलआरमधून मिक्सरला जातो. नेटवर्कमधून फक्त खबर येते. खबर थांबली तरी आवाज थांबत नाही. प्रयोग चालू असताना नेटवर्क गेलं तर रिसीव्हरला हात लावायचा नाही. पोराला विंगेत उभं करून डिस्प्ले वाचायला लावायचं आणि पडदा पडल्यावर बघायचं.

२७ ऑक्टोबर

रॅक घरी. कालचं पुन्हा घडवून आणायचं ठरवलं. सगळं चालू केलं आणि फोनवर घड्याळ लावून बसले. पहिला रिसीव्हर गेला तेव्हा चार मिनिटं आणि काही सेकंद झाले होते. पुन्हा केलं, पुन्हा जवळपास तेवढेच. तिसऱ्यांदा जुना आठ पोर्टचा स्विच लावून सहा रिसीव्हर जोडले : अर्धा तास झाला तरी एकही हलला नाही. म्हणजे दोष नव्या स्विचमध्ये, आणि तोही बिघाड नाही. बिघाड इतका वक्तशीर नसतो.

पिंग पूर्ण वेळ चालू ठेवलं होतं. रिसीव्हर वर्कबेंचमधून गेल्यावरही पिंगला उत्तर येत होतं. लॅपटॉपमध्ये काहीच बदललेलं नव्हतं, फायरवॉलच्या दोन्ही टिक जागेवर होत्या. तेव्हा स्विचच्या सेटिंगचं एकेक पान वाचायला घेतलं आणि 'आयजीएमपी स्नूपिंग' चालू दिसलं.

हे रिसीव्हर आणि वर्कबेंच एकमेकांना शोधतात ते मल्टिकास्टने, म्हणजे एकाने हाक मारायची आणि ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांनी ऐकायची. स्नूपिंग चालू असलं की स्विच ही नोंद स्वतःकडे ठेवतो आणि नोंद असलेल्या पोर्टलाच हाक पोचवतो. नोंद ताजी ठेवायची तर नेटवर्कमध्ये कोणीतरी अधूनमधून विचारत राहावं लागतं, "अजून हवंय का?" त्या विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. आमच्या नेटवर्कमध्ये क्वेरियर कोणीच नव्हता. कोणी विचारत नाही म्हणून कोणी उत्तर देत नाही, आणि २६० सेकंद झाले की स्विच नोंद पुसतो. २६० सेकंद म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. माझ्या घड्याळाशी तो आकडा जुळला तेव्हा दोन दिवसांनी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

उपाय दोन आहेत. स्विचमध्येच क्वेरियर चालू करायचा, किंवा स्नूपिंग बंद करायचं. आमच्याकडे या वायरीतून फक्त खबर जाते, तिचं ओझं अगदी थोडं, म्हणून स्नूपिंग बंद केलं. ज्यांच्याकडे त्याच स्विचमधून दान्तेवर (नेटवर्कमधून आवाज नेणारी पद्धत) आवाजही जातो त्यांनी असं बंद करू नये, त्यांनी क्वेरियर चालू करावा. सेटिंग साठवायचं वेगळं बटण असतं, ते न दाबता वीज बंद केली तर जुनंच परत येतं. मी एकदा तसंही केलं.

दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत रॅक चालू ठेवला. आठपैकी आठ.

३० ऑक्टोबर

नेटवर्क पक्कं झालं म्हणून वर्कबेंचमध्ये नवीन फ्रिक्वेन्सी काढल्या आणि एका बटणाने आठही रिसीव्हरना पाठवल्या. तालीम सुरू झाली तर एकही माईक बोलेना.

लॅपटॉपवरून रिसीव्हर बदलतो, बॉडीपॅक बदलत नाही. बॉडीपॅक जुन्याच फ्रिक्वेन्सीवर असतो. तो रिसीव्हरसमोर धरून इन्फ्रारेडने सिंक करावा लागतो, आठही वेळा. म्हणजे कलाकारांच्या अंगावर पॅक चढवून झाल्यावर हे बटण दाबलं तर आठ जणांचे पोशाख सोडावे लागतील. आमच्याकडे आता नियम आहे : पॅक चढवायला सुरुवात झाली की लॅपटॉपवरून फक्त बघायचं.

३ नोव्हेंबर

भाऊबीज उरकून दुपारी टॅबलेट जोडला. शूरप्लस चॅनेल्स हे ॲप घातलं, काहीच दिसेना. स्विचची वायर राउटरच्या इंटरनेटच्या पोर्टमध्ये गेली होती, ती साध्या पोर्टमध्ये लावली. तरी दिसेना, कारण टॅबलेट पाहुण्यांच्या वाय-फायवर होता आणि त्यावरच्या उपकरणांना राउटर आतलं काही दाखवत नाही. मुख्य नावावर घेतलं, दिसले. राउटर जे पत्ते वाटतो त्याचा पट्टा १५० ते १९९ असा मर्यादित केला, नाहीतर उद्या तो टॅबलेटला १३ देऊन मोकळा व्हायचा.

आणखी एक. जागा होती म्हणून राउटर रॅकच्या डोक्यावर, अँटेनांच्या मधोमध ठेवला होता. सगळे बॉडीपॅक बंद असताना दोन रिसीव्हर रेडिओच्या दांड्या दाखवत होते. राउटर आणि त्याचा ॲडाप्टर दोन मीटर दूर नेले, दांड्या गेल्या. वाय-फायची फ्रिक्वेन्सी माईकपेक्षा फार वेगळी असते, पण स्वस्त ॲडाप्टरचा कचरा कुठेही पसरतो. राउटर आता विंगेतल्या खांबाला टांगायचा, ५ गिगाहर्ट्झवर.

५ नोव्हेंबर

रंगभूमी दिन. रॅक सकाळी अकराला लावला, साठ मीटरची वायर बाल्कनीच्या कठड्यावरून, पायवाटेत कुठेही न आणता. प्रयोग सुरू होईपर्यंत सहा तास नुसतं चालू ठेवलं. एकही रिसीव्हर गेला नाही.

पहिला अंक संपताना सात नंबरची बॅटरी एक तास पाच मिनिटं दाखवत होती, बाकी सगळ्या चार तासांच्या पुढे. जुनी बॅटरी आहे, पूर्ण चार्ज होऊनही लवकर उतरते. नाटक अजून दोन तास होतं. वॉकीवर सांगितलं, मध्यंतरात पोराने ग्रीन रूममध्ये जाऊन ती बदलली. सात नंबर त्याच ताईंचा होता, मागच्या हंगामातल्या.

दुसऱ्या अंकात त्यांचं पद आलं तेव्हा मी लॅपटॉपकडे बघत नव्हते.

७ नोव्हेंबर

हिशेब. स्विच दोन मिळून ५,२००, राउटर १,८५०, वायर ४,२००, यूएसबी ॲडाप्टर ९५०, छोट्या वायरी आणि कनेक्टर १,१००. एकूण १३,३०० रुपये. पहिला आठ पोर्टचा स्विच आता सुटा म्हणून गाडीत ठेवला आहे. वेळ सगळा मिळून साधारण तीस तास, त्यातले निदान वीस चुका शोधण्यात.

राहिलेली कामं : दुसरा यूएसबी ॲडाप्टर सुटा घ्यायचा, वायरीच्या टोकांना धातूचं कवच असलेले इथरकॉन कनेक्टर लावायचे, सात नंबरची जुनी बॅटरी बाद करायची.

पुढच्या महिन्यात दोन प्रयोगांना मी नसेन, पोरगा एकटा असेल. त्याच्यासाठी रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे. त्यावर एवढंच लिहिलंय : आवाज येतोय का? येत असेल तर रिसीव्हरला हात लावू नकोस. मध्यंतरात, आधी हिरवे दिवे बघ. मग १०.२०.३०.११ ला पिंग कर. उत्तर नाही, तर वायर. उत्तर आहे, तर लॅपटॉपचं लाल पट्टीचं पोर्ट, वाय-फाय बंद, फायरवॉलच्या दोन टिक. तरी नाही, तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.